पैलतीर नसलेले पाणी

आमच्या पोखर्णीला समुद्र ठाऊक होता तो कीर्तनातून. परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे गाव नृसिंहाच्या देवळासाठी ओळखले जाते. ‘पुष्करिणी’ या संस्कृत शब्दाचा माग गावाच्या नावात आम्हांला दिसतो, म्हणजे नावापुरते तरी तळे गावाच्या पदरी आहेच. दक्षिणेला गंगाखेडाशी गोदावरी वाहते. आमच्याकडे तिला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. समुद्राची किनार मात्र अगदी सरळ रेषेत मोजली तरी पश्चिमेला चारशे किलोमीटरांच्या पलीकडे. शिवाय आमच्या पाण्याचे त्या समुद्राशी काही देणेघेणे नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते ती अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरांवर, आणि तिथून त्याच्याकडे पाठ फिरवून १४६५ किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. पोखर्णीच्या ओढ्यात पडलेला पावसाचा थेंब आंध्राची वाट धरतो, आणि पोखर्णीची माणसे पोटासाठी मुंबई-पुण्याची. उगमापासूनच ही फारकत आहे.

आम्ही उभयता तिकडचेच. आमच्यापैकी एकाचे बालपण पोखर्णीत गेले, दुसऱ्याचे गंगाखेडात. नोकरीच्या निमित्ताने मात्र गेली अनेक वर्षे आम्ही रायगड जिल्ह्यात, मुरूडला, मराठी शिकवत आलो आहोत. गावाकडून पाहुणे येतात, चौपाटीवर पाय भिजवतात, जंजिरा लांबून पाहतात आणि मासळीच्या वासाने नाक मुरडत रात्रीच्या गाडीची चौकशी करू लागतात. २०२५च्या डिसेंबरात आलेले तीन पाहुणे मात्र तीन दिवस राहणार होते, आणि त्या तीन दिवसांत त्यांना शिडाच्या होडीतून बेटे दाखवायची असे आम्ही ठरवले होते. पहिल्या दिवशी जंजिरा, दुसऱ्या दिवशी कासा ऊर्फ पद्मदुर्ग, तिसऱ्या दिवशी थळहून खांदेरी. उष्ण कटिबंधातील बेटांवरची नौकाविहाराची रंगीत चित्रे आता घरोघरी मोबाइलवर दिसतात. त्या चित्रांतले निळेशार पाणी, पांढरी वाळू आणि पांढरी शिडे आमच्या किनाऱ्यावर नाहीत. आमचे पाणी बहुतेक ऋतूंत गढूळ हिरवे, आमची बेटे काळ्या कातळाची, आणि शीड असलेच तर ठिगळांचे. पण बेट ते बेटच, आणि शीड ते शीडच.

पाहुण्यांपैकी एक आमचे गुरुजी. माध्यमिक शाळेत मराठी शिकवून ते निवृत्त झाले आहेत आणि ज्ञानेश्वरीची त्यांची पारायणे आम्ही मोजणे सोडून दिले आहे. दुसऱ्या वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी; गळ्यात तुळशीची माळ, महिन्याच्या दोन्ही एकादश्या कडक. तिसरे आबा, गुरुजींचे शाळूसोबती. आबांची ओढ्याकाठची पाच एकर जमीन. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात त्यांचे उभे सोयाबीन तर गेलेच, पण दीड-दोन एकरांवरची मातीही खरडून गेली. पिकाचा पंचनामा होतो, नुकसानभरपाईचा आकडा ठरतो. आजोबा-पणजोबांपासून घरात असलेली माती पुन्हा आणायची कुठून, याला कुठल्याही अर्जात रकाना नसतो. दिवाळीनंतर आबा घराबाहेर पडेनासे झाले, बोलेनासे झाले, म्हणून गुरुजींनी त्यांना जवळजवळ उचलूनच देवगिरी एक्स्प्रेसमध्ये बसवले होते. आम्ही फोनवर समुद्राचे बेत सांगितले तेव्हा पलीकडून आबा एवढेच म्हणाले होते, “लई पानी बगितलं औंदा. आनखी पानी बगायला तिकडं कामून यावं?”

या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

गुरुजींचे आकर्षण वेगळे होते. आयुष्यभर त्यांनी भवसागर शिकवला आणि सागर पाहिला नव्हता. हे वाक्य विनोदी वाटेल, पण ते गुरुजींपुरते खरे नाही. मराठी संतवाङ्मय ज्या मुलखात घडले तो मुलूख नद्यांचा आणि विहिरींचा. ज्ञानेश्वरांचे आपेगाव गोदावरीच्या काठी, ज्ञानेश्वरी सांगितली ते नेवासे प्रवरेच्या काठी. जनाबाईंचे गंगाखेड गोदावरीवर, नामदेव आमच्या शेजारच्या नरसीचे, देहू इंद्रायणीवर, पंढरपूर भीमेवर. यांच्या वाणीत भवसागर, भवसिंधु, भवार्णव हे शब्द पावलोपावली येतात. ते संस्कृत परंपरेतून आले, आणि मराठीने त्यांत आपल्या घरातले सामान भरले. सातव्या अध्यायातले मायेचे विस्तृत रूपक तर ज्ञानेश्वरांनी सरळ नदीचेच केले आहे. बाराव्या अध्यायात गीतेच्या मूळ श्लोकात ‘सागर’ असा स्पष्ट शब्द आहे, तिथे काय होते ते पाहण्याजोगे आहे. जन्ममृत्यूच्या लाटांत गटांगळ्या खाणारी माणसे पाहून देवाला राहवत नाही आणि तो त्यांच्या गावी धावत येतो. आपल्या सहस्र नामांच्या नावा सजवतो आणि स्वतः तारू होतो. जे सडे, एकटे, त्यांना ध्यानाच्या कासेला लावतो. बायकापोरांच्या परिवारात गुंतलेल्यांना तराफ्यावर घालतो. आणि एखाद्याच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधतो. मग सगळ्यांना सायुज्याच्या तटाला आणून सोडतो.

पोहोणाऱ्याची कास धरणे, तराफा, पोटाला बांधायची पेटी: ही सामग्री समुद्रावरची नाही. ती पुरात नदी ओलांडणाऱ्यांची आहे. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोरांच्या पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा पत्र्याचा डबा बांधत, त्याच कुळातली ही पेटी. ज्ञानेश्वरांचा भवसागर म्हणजे पूर आलेली गोदावरीच, असे आम्ही वर्गात सांगत आलो आहोत. त्यात काही उणे नाही. ऐकणाऱ्यांनी जे पाणी पाहिले होते, जे पाणी दर पावसाळ्यात एखाद्याला ओढून नेत होते, त्याच पाण्याची भाषा त्यांनी वापरली. पण या भाषेबरोबर एक गृहीत येते. नदीला पैलतीर असतो. नाव या काठावरून त्या काठाला नेते; नेली की तिचे काम संपले. ‘पार’, ‘पैल’, ‘उतार’, ‘तरणे’, ‘तारणे’ ही सगळी मराठी शब्दसृष्टी त्या एका कल्पनेवर उभी आहे.

जंजिऱ्याला जाणाऱ्या होड्या राजपुरीच्या धक्क्यावरून सुटतात. महाराष्ट्रात सामान्य प्रवाशाला शिडाच्या होडीत बसायला मिळण्याच्या ज्या मोजक्या जागा उरल्या आहेत, त्यांतली ही एक. आम्ही गेलो तो मार्गशीर्ष वद्य दशमीचा दिवस. धक्क्यावर प्रत्येकाला नारिंगी रंगाचे लाइफ जॅकेट देतात. ते घालताना गुरुजींचे पट्टे काही केल्या जुळेनात. वहिनींनी पुढे होऊन ते त्यांच्या पोटावर आवळून बांधले. गुरुजींनी खाली पाहिले, मग वहिनींकडे, आणि इतकेच म्हणाले, “पेटी बांधली म्हनायची.” वहिनी लाजल्या. दोघांनाही ओवी पाठ असल्यामुळे अधिक काही बोलण्याची गरज पडली नाही. आम्ही इतकी वर्षे ती ओवी शिकवली, पण तिच्यातल्या ‘पोटी’ या शब्दाकडे आमचे असे लक्ष कधी गेले नव्हते.

आबा धक्क्यावरच उभे होते. होडीत चढताना तांडेलाने हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. स्वतःच चढले आणि मधल्या फळीवर, पाण्याकडे पाठ करून बसले.

सकाळच्या त्या वेळी वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. रात्रीत जमीन लवकर निवते, समुद्र निवत नाही, म्हणून पहाटेपासून वारा जमिनीकडून पाण्याकडे जातो, आणि ऊन चढून जमीन तापली की दुपारी तो उलटतो. भूगोलाच्या पुस्तकातले हे मतलई वारे आणि खारे वारे आपण सर्वांनी पाठ केलेले असतात. मराठवाड्यातल्या शाळांत ही दोन नावे केवळ परीक्षेपुरती जगतात. गुरुजींना गझलेची आवड आहे. ‘मतलई’ आणि गझलेतला ‘मतला’ यांच्या मुळाशी उगवण्याच्या अर्थाचा एकच अरबी शब्द आहे, हे आम्ही सांगितल्यावर त्यांना फार आनंद झाला. जिकडून सूर्य उगवतो तिकडून येणारा तो मतलई. आणि जिथून गझल उगवते तो मतला. शीड वर चढले, एक-दोनदा फडफडले आणि भरले. होडी एकाएकी गप्प झाली. यंत्राच्या बोटीत बसलेल्यांना ही शांतता ठाऊक नसते. नाळेखाली पाणी कापल्याचा आवाज आणि दोराची करकर, बाकी काही नाही.

गुरुजींनी तांडेलाला विचारले, “पलीकडं काय लागतं हो?” त्यांना किल्ल्याच्या पलीकडे, क्षितिजाच्या दिशेला, असे म्हणायचे होते. आफ्रिका, अरबस्तान, असे काही उत्तर येईल असे आम्हांला वाटले. तांडेल सुकाणूवरून नजर न काढता म्हणाला, “पलीकडचा काय नाय बघत आम्ही, सर. जायचा नि परत यायचा.”

हे तत्त्वज्ञान म्हणून तो बोलला नव्हता. वाऱ्याचे वेळापत्रकच तसे आहे. सकाळी मतलई घेऊन जातो, दुपारी खारा वारा घेऊन येतो. शिडाच्या दिवसांत किनाऱ्याजवळची मासेमारी या दोन वाऱ्यांच्या फटीत बसवलेली होती. कोळीवाड्यात कुणी ‘तरून गेला’ असे म्हणून समाधान मानत नाही, ‘आला का?’ असे विचारतात. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. पुढे रात्री जेवताना ते म्हणाले की, परत येणे हे आपल्या संतांच्या भाषेत दुःख आहे, पुन्हा जन्म घेणे आहे; आणि या माणसाच्या भाषेत तेच सुख आहे. या दोन भाषांना एकाच मराठीत कसे नांदवायचे, हा त्यांचा प्रश्न होता. आम्हांला तो समीक्षेतल्या पुष्कळ प्रश्नांपेक्षा खरा वाटला.

जंजिऱ्याच्या बुरुजांविषयी, कलालबांगडी तोफेविषयी आणि सिद्दींच्या चिवटपणाविषयी भरपूर लिहिले गेले आहे. वाटाडे ते खुलवून सांगतात. आमच्या मंडळींनी ते ऐकून घेतले. आबांना तोफांत रस नव्हता. ते एकटेच आत चढत गेले आणि आम्हांला सापडले ते किल्ल्यातल्या गोड्या पाण्याच्या तलावाशी. चहूबाजूंनी खारे पाणी आणि मध्ये, कातळात बांधून काढलेला, हिरव्या पाण्याचा प्रचंड तलाव. असे दोन तलाव या किल्ल्यात आहेत. आबा काठावर उकिडवे बसून पाण्याकडे पाहत होते. “हे पानी हितंच राह्यलं. कुटं गेलं न्हाई,” ते म्हणाले. तीनशे-चारशे वर्षे या पाण्यावर माणसे जगली, समुद्राने चारी बाजूंनी वेढलेला हा किल्ला कुणालाही सहजी जिंकता आला नाही त्यात या पाण्याचाही वाटा आहे, असे काहीसे आम्ही सांगू लागलो. आबांनी मान हलवली, पण त्यांचे लक्ष बांधकामाकडे होते. पाण्याला थोपवून धरणाऱ्या त्या भिंतीची जाडी ते वितीने मोजत होते. वर्षभर पाण्याच्या वाहण्याचा धाक घेतलेला माणूस थांबलेल्या पाण्यापाशी बसला होता. पोखर्णीच्या नावातली पुष्करिणी आम्हांला त्या क्षणी आठवली. आम्ही बोललो मात्र नाही. शब्दाचे मूळ सांगण्याची ती वेळ नव्हती.

येताना वारा फिरलेला होता. तांडेलाने शीड दुसऱ्या अंगाला घेतले. आबा या वेळी पाण्याकडे तोंड करून बसले.

मराठी साहित्यात हा दर्या किती आहे, हा विषय त्या रात्री निघाला. कोकण आमच्या कादंबरीत भरपूर आहे. श्री. ना. पेंडशांचा सारा संसार दापोलीच्या आसपासचा; ‘तुंबाडचे खोत’ जगबुडी नदीच्या काठाने चालते; मधु मंगेश कर्णिकांनी ‘माहीमची खाडी’ लिहिली. पण या लेखनातला निवेदक बहुधा काठावर उभा असतो. नदी आहे, खाडी आहे, वाडी आहे, माड आहेत; होडीच्या तळफळीवर बसून जमिनीकडे पाहणारी नजर विरळा. लिहिणारे आणि शीड हाकणारे यांच्यात जातीचे आणि शिक्षणाचे जे अंतर होते, त्याचा हा परिणाम असणार. शब्द होते, पण ते लिहिणाऱ्यांच्या घरात नव्हते. मोल्सवर्थच्या कोशात दर्यावर्दी शब्द भेटतात, कारण कोशकाराला ते टाकाऊ वाटले नाहीत; त्यांतले किती शब्द आमच्या कवितेत उतरले, हे शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचेच पाहा. रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, हा त्यातला मजकूर प्रत्येक मराठी विद्यार्थी वाचतो आणि पर्यावरणदिनी भाषणात वापरतो. तो येतो आरमाराच्या प्रकरणात, गलबतांच्या फळ्या आणि डोलाच्या काठ्या यांना लागणाऱ्या लाकडाच्या संदर्भात. आपण झाड ठेवले आणि डोलकाठी टाकून दिली.

आणि जे शब्द आहेत ते तरी किती लांबून आलेले! आरमार पोर्तुगिजांकडून, सुकाणू अरबीतून. नाखवा हा फारसीतल्या ‘नाखुदा’चा वंशज, म्हणजे नावेचा धनी. वहिनींना हा शब्द फार आवडला. देव स्वतः तारू होतो म्हणतात, मग धनी व्हायला काय हरकत, असे त्या म्हणाल्या. हिंदी महासागरातल्या जुन्या जहाजांवर वाट दाखवणाऱ्याला अरबीत ‘मुअल्लिम’ म्हणत, आणि शाळेतल्या शिक्षकालाही मुअल्लिमच. गुरुजींनी यावर निवृत्तीनंतरची नवी नोकरी मिळाल्यासारखा चेहरा केला.

दुसऱ्या दिवशी एकादशी. सकाळी निघायची वेळ ठरवायची होती आणि त्यासाठी भरती केव्हा हे पाहायला आम्ही मोबाइल काढला. ज्यांच्या बोटीतून कासा किल्ल्याला जायचे होते ते कोळी गृहस्थ आमच्या जुन्या ओळखीचे, वयाने साठीचे. ते हसले आणि म्हणाले, तिथी सांगा. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठ. चंद्र रोज सुमारे पाऊण-पाऊण तासाने मागे पडतो, त्याच्याबरोबर पाणीही. एवढे साधे गणित. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. हे ऐकून वहिनी थक्क झाल्या. त्यांचा सगळा जन्म तिथ्या मोजण्यात गेला. पोखर्णीच्या भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत त्यांनी दर महिन्याला दोनदा ज्या अकराव्या चौकोनावर बोट ठेवले, त्या प्रत्येक दिवशी इथले पाणी सव्वाआठच्या सुमाराला किनाऱ्याला टेकत होते, आणि त्यांना कुणी सांगितले नव्हते. “म्हंजी मी तुमच्या दर्याचाच उपास धरत होते की,” त्या म्हणाल्या. भवसागराच्या रूपकातून जे नाते लागले नव्हते, ते पंचांगातून लागले.

कासा किल्ल्याकडे यंत्राची बोट जाते. आमच्या कोळी स्नेह्यांच्या बोटीलाही यंत्र आहे, पण शीड त्यांनी टाकून दिलेले नाही. गुंडाळून कडेला ठेवलेले असते. डिझेलचा खर्च आणि यंत्र बंद पडण्याची भीती, ही दोन कारणे त्यांनी दिली. तिसरे कारण त्यांच्या हातांना ठाऊक असावे. जाताना यंत्र, येताना शीड, असे ठरले.

पद्मदुर्ग शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याच्या उरावर बसवण्यासाठी बांधला. त्याला वेळेवर रसद न पोहोचवणाऱ्या सुभेदाराला महाराजांच्या दरबारातून गेलेले १६७५ सालचे खरमरीत पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. आज किल्ल्यावर फारसे कुणी नसते. तिथले एक दृश्य मात्र मराठवाड्यातल्या माणसाने अवश्य पाहावे. लाटांच्या माऱ्याने तटाचे दगड झिजून आत गेले आहेत, आणि दोन दगडांमधला चुना जसाच्या तसा बाहेर राहिला आहे. भिंत मधाच्या पोळ्यासारखी दिसते. आबांनी त्या चुन्यावर नख ओढून पाहिले. नख झिजले, चुना झिजला नाही.

तटाच्या सावलीत बसून आमच्या स्नेह्यांनी लाय पाटलांची गोष्ट सांगितली. जंजिऱ्याला शिड्या लावण्याचे धाडस करणारे हे सोनकोळी. मोहीम फसली, पण महाराजांनी त्यांना पालखीचा मान देऊ केला. पाटील म्हणाले की, आम्ही दर्यात फिरणारी माणसे, पालखीत बसून कुठे जाणार? तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधवून त्यालाच ‘पालखी’ नाव दिले आणि ते पाटलांना दिले, असे सांगतात. गुरुजी आणि वहिनी वारकरी. पालखी या शब्दाला त्यांच्या लेखी एकच अर्थ होता, आषाढात चालत जाणारी ती. दर्यात चालणारी पालखी त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. वहिनींनी नकळत हात जोडले. कुणाला जोडले ते आम्ही विचारले नाही.

दुपारी खारा वारा सुटला आणि यंत्र बंद करून शीड उभारले. मुरूडचा किनारा समोर होता. अशा वेळी ‘म्हादेई’ची आठवण निघणे स्वाभाविक होते. गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या त्या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी मुंबईलाच परतले. अशी एकट्याने प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. गुरुजींनी सगळे ऐकून घेतले आणि ‘परतले’ हा शब्द पुन्हा उच्चारला. प्रदक्षिणेलाही पैलतीर नसतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. देवळातल्या प्रदक्षिणेला तरी कुठे असतो, असे ते पुटपुटले. आमच्या मते त्यांच्या आदल्या रात्रीच्या प्रश्नाचे ते अर्धे उत्तर होते. उरलेले अर्धे त्यांना सापडले किंवा नाही, हे त्यांनी सांगितलेले नाही.

आबा दोन दिवस फार थोडे बोलले होते. किनाऱ्याजवळ बोट उभी केली तेव्हा आमचे स्नेही मुलाला म्हणाले, “नांगर टाक.” आबांनी चमकून पाहिले. मुलाने लोखंडी आकडा दोरासह पाण्यात सोडला. “ह्याला नांगर म्हंता?” आबांनी विचारले. मराठीत हे दोन शब्द सारखे दिसतात आणि ते मुळात एक नाहीत. शेतातला नांगर संस्कृतातल्या ‘लांगल’चा, दर्यातला फारसीतल्या ‘लंगर’चा. एक जमीन उकलतो, चालत राहतो; दुसरा जमिनीला धरून बसतो आणि बोटीला हलू देत नाही. वेगवेगळ्या दिशांनी आलेले हे दोन शब्द मराठीच्या तोंडात एकच झाले. आम्ही ही व्युत्पत्ती सांगणार होतो, पण आबा पुढे विचारत होते, “खाली काय हाय? काळी हाय का मुरमाड?”

“चिखल आहे इकडे. चिखलात चांगला धरतो. कातळावर नाय धरत, घसरतो.”

“चिखल किती खोल?”

इथून पुढचे संभाषण त्या दोघांचे झाले. समुद्राच्या तळाच्या मातीपासून सुरुवात झाली आणि ते शेतातल्या मातीवर आले. खरडून गेलेले दीड-दोन एकर आबांनी पहिल्यांदा कुणापुढे तरी मांडले; आमच्यापुढे नाही, गुरुजींपुढे नाही, त्या कोळ्यापुढे. किती इंच माती गेली, खाली काय उघडे पडले, गाळ आणून टाकायचा तर एकराला किती ट्रॅक्टर लागतील, सोसायटीचे कर्ज किती. आमचे स्नेही ऐकत होते आणि मधूनमधून आपले सांगत होते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, त्यात घराचे पत्रे गेले, बोटीची कड फुटली. पंचनाम्याला माणूस केव्हा आला, अर्धी भरपाई कशी मिळाली, उरलेल्यासाठी कर्ज कुठून काढले. दोघांच्या बोलण्यात पंचनामा, हप्ता, व्याज, सोसायटी हेच शब्द पुन्हापुन्हा येत होते, आणि ते कुणालाच समजावून सांगावे लागत नव्हते. भवसागरही त्यात नव्हता आणि मतलईही नव्हता. गुरुजींनी आम्हांला खुणेने गप्प बसवले. आम्ही तिघे आणि वहिनी पुळणीवर उतरून थोडे लांब जाऊन बसलो.

अंधार पडू लागला तरी ते दोघे बोटीच्या काठावर बसून बोलत होते. बराच वेळ गेला, तेव्हा कुठे ते खाली उतरले. येताना आबांच्या हातात तो नांगर होता. बोटीपासून सोडवून त्यांनी तो उचलून पाहिला होता, त्याचे दोन्ही फाळ, म्हणजे त्यांच्या भाषेतले फाळ, अंगठ्याने तपासले होते. “आमच्या लोहारानं केला तर याहून हलका हुईल,” त्यांनी आमच्या स्नेह्यांना सांगितले. स्नेही म्हणाले, हलका नको, जड पाहिजे. यावर पुन्हा थोडा वाद झाला.

खांदेरीचे उद्याचे ठरवायचे राहिले होते. थळ मुरूडहून बरेच लांब, पहाटे निघावे लागणार. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत खांदेरी आहे, म्हणून गर्दी असेल का, अशी चर्चा आम्ही करत होतो. वहिनी बोटांवर काहीतरी मोजत होत्या. उपासामुळे त्यांचा आवाज बारीक झाला होता. “द्वादशी,” त्या म्हणाल्या, “बाराचे पाऊनपट नऊ. नऊला पानी वर येईल. पारनं सोडून निगायचं म्हनलं तरी सातला चहा पाहिजे.”

आबांनी विचारले, बोटीला शीड आहे का.